योजनेत बसतंय का बघा

महाराष्ट्रात आता आजारी पडायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १ जुलै २०२४ पासून रेशनकार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. म्हणजे मलबार हिलचा फ्लॅटवाला आणि मेळघाटचा मजूर एकाच यादीत. फुल्यांच्या नावाला शोभेल अशी समता झाली म्हणायची. फक्त फ्लॅटवाल्याला आपण यादीत आहोत याचा पत्ता नाही, कारण त्याचं पांढरं कार्ड माळ्यावर आहे. आणि मजुराला पत्ता लागला तरी हृदयाचं ऑपरेशन धारणीत होत नाही, त्यासाठी अमरावती-नागपूर गाठायचं. समता दोघांच्याही उपयोगाची नाही, पण आहे.

यावरचा वाद मात्र जोरात. ‘श्रीमंतांचे लाड कशाला?’ हा एक पक्ष. ‘आमच्या करावर फुकटे पोसले जातात’ हा दुसरा. गंमत म्हणजे दोन्ही वाक्यं एकाच सोसायटीच्या एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर, कधी कधी एकाच माणसाकडून, सकाळ-संध्याकाळ येतात. याच मंडळींचा जीव आरोग्यविम्यावरच्या अठरा टक्के जीएसटीने कासावीस झाला होता. जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरींनी आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांना पत्र लिहून हा कर काढा म्हणून सांगितलं. नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेनं त्यांच्या हाती निवेदन दिलं होतं. वर्षभरानं, २२ सप्टेंबर २०२५ ला, वैयक्तिक पॉलिसीवरचा कर शून्यावर आला. मध्यमवर्ग ओरडला की काम होतं. अडचण एवढीच की तो स्वतःच्या पॉलिसीसाठी ओरडतो. रेशनकार्डावरच्या योजनेसाठी ओरडायचं तर आधी ती वापरावी लागेल, आणि अशी वेळ आपल्यावर अजून आलेली नाही असं त्याचं ठाम मत आहे. पहिलं मोठं बिल हातात पडेपर्यंत ते टिकतं.

मला विचाराल तर सगळ्यांना यादीत घेतलं हेच या योजनेतलं सर्वांत शहाणं कलम. गरिबी सिद्ध करणं हा आपल्याकडे स्वतंत्र उद्योग आहे. तलाठ्याची सही, सेतू केंद्राची रांग, तहसीलचा शिक्का, मग दाखल्याची मुदत मार्चअखेर संपते म्हणून पुन्हा तलाठी. छातीत कळ आलेल्या माणसानं आधी सेतू केंद्र गाठावं अशी व्यवस्था ज्यांनी केली असेल, त्यांना कधी छातीत कळ आली नसावी. दाखला गेला, बरं झालं. भांडायचं तर यादीत कोण आहे यावरून कशाला, यादीत काय आहे ते बघा की.

ते बघायला अंगीकृत रुग्णालयाच्या दारात जावं लागतं. आत शिरताच डाव्या हाताला एक टेबल, मागे पुढाऱ्यांच्या फोटोंचा फ्लेक्स, टेबलावर संगणक, आणि संगणकामागे ‘आरोग्यमित्र’. बहुतेक वेळा तिशीच्या आतली मुलगी, तुटपुंज्या पगाराची. अख्ख्या योजनेचं तोंड तीच असल्यानं शिव्याही तिच्याच वाट्याला. अलीकडे एका रुग्णालयात नातेवाइकाच्या डिस्चार्जची वाट बघत या टेबलाशेजारी बराच वेळ बसणं झालं. पन्नाशीचे एक गृहस्थ आले. पायाला पट्टी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड आणि साखरेचा रिपोर्ट.

“काका, नुसत्या गोळ्या अन् ड्रेसिंग योजनेत बसत नाही.”

“मंग काय बसतंय?”

मुलीनं यादी खालीवर केली. “ॲडमिट व्हावं लागतं. ऑपरेशन असलं तर बसतं.”

“हे बोट काढायचं म्हणलं तर?”

“तर बसतं. डॉक्टरांनी लिहून द्यायला पाहिजे, मग इथून अप्रूव्हलला टाकते मी.”

काकांनी बोटाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, पिशवीची गाठ मारली. “बरंय मंग,” म्हणाले, “सडल्यावर येतो.”

मुलगी हसली नाही. तिला हे रोज ऐकावं लागत असणार.

काकांना पाच मिनिटांत जे कळलं ते विधिमंडळात तासन्‌तास बोलून कुणी सांगत नाही. ही योजना खाटेला बांधलेली आहे. खाटेवर आडवे झालात की सरकार तुमचं, उभे आहात तोवर तुमचे तुम्ही. मधुमेहाच्या गोळ्या योजनेत नाहीत, मधुमेहानं मूत्रपिंड निकामी झालं की डायलिसिस योजनेत आहे. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या पैशानं घ्या, तिच्याअभावी मेंदूत रक्तस्राव झाला तर सरकार खंबीर आहे. २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं उपचारांची यादी १,३५६ वरून २,३९९ वर नेली. हृदय, फुप्फुस, यकृत यांच्या प्रत्यारोपणाचीही सोय केली. चांगलंच केलं, ज्याला यकृत हवंय त्याला ते हवंच असतं. पण बहुसंख्य घरांचा खिसा यकृत बदलून रिकामा होत नाही. तो दर महिन्याच्या मेडिकलच्या बिलानं, सोनोग्राफीनं आणि ‘हे बाहेरून आणा’च्या चिठ्ठीनं होतो. केंद्राच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून केला. आधी तो साठ टक्क्यांच्या वर होता, हेही सांगून टाकतो, नाहीतर पत्रं येतात.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात की, असं कुणी म्हणेल. मिळतात, असल्या तर. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. त्यात सरकारी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं नाहीत, कारण ती वैद्यकीय शिक्षण खात्याची. महापालिकांचीही नाहीत, कारण ती महापालिकांची. तेव्हा आजारी पडताना आपण कुठल्या खात्याच्या हद्दीत पडतोय याचं भान नागरिकांनी ठेवावं.

त्याच वर्षी ऑक्टोबर उजाडताना नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस जण गेले, त्यांत बारा नवजात बाळं. औषधखरेदी हाफकिनकडून काढून नव्या प्राधिकरणाकडे द्यायची खटपट तेव्हा चालू होती. रिक्त पदांची आकडेवारी फायलीत होती. अशा वेळी लोकप्रतिनिधीनं काय करावं? सत्ताधारी आघाडीतलेच एक खासदार रुग्णालयात गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतलं. कॅमेरे होतेच. डॉक्टरांची भरती झाडूनं होत नाही, पण दृश्य छान मिळतं. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात आलेल्या ‘कॅग’च्या अहवालानं सांगितलं की राज्याच्या आरोग्यसेवेत डॉक्टरांची २७ टक्के आणि परिचारिकांची ३५ टक्के कमतरता आहे. त्या दिवशी कुणी कुणाच्या हातात झाडू दिल्याचं वाचनात नाही.

विमा मात्र सरकारला आवडतो, आणि त्यात नवल नाही. रुग्णालय बांधायला दहा वर्षं लागतात, मग त्याला डॉक्टर, नर्स, पाणी, लिफ्टचा मेकॅनिक लागतो, आणि तोवर उद्घाटन दुसऱ्याच पक्षाच्या वाट्याला जातं. कार्ड एका दिवसात छापून होतं आणि त्यावर फोटो मावतो. फोटो ही किरकोळ बाब समजू नका. पश्चिम बंगाल जानेवारी २०१९ मध्ये आयुष्मान भारतमधून बाहेर पडला, तेव्हा घरोघरी गेलेल्या पत्रांवर पंतप्रधानांचा फोटो हे एक कारण होतं. आपल्याकडचा इतिहास जरा सोज्वळ आहे, आपण नुसती नावं बदलतो. १९९७ ची जीवनदायी, २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी झाली, २०१७ ला महात्मा फुल्यांची झाली, २०१८ ला रांचीत आयुष्मान भारत सुरू झाली आणि पुढे ही तिच्याशी जोडली गेली. रुग्णाला आपण कोणत्या पक्षाच्या अँजिओप्लास्टीवर जगतोय हे सांगणं कठीण होऊन बसलंय.

आणि रकमेचा तर लिलावच. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत तीस हजार. आपल्या राज्यात दीड लाख. केंद्राचे पाच लाख. राजस्थानात २०२३ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर चिरंजीवी योजनेचे पंचवीस लाख, एक वार, दोन वार, तीन वार. निवडणूक हरले ती गोष्ट वेगळी. त्याच राजस्थानात त्याच वर्षी मार्चमध्ये आरोग्यहक्काचा कायदा विधानसभेत मंजूर झाला आणि खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तातडीच्या रुग्णाला आधी पैसे न मागता बघा, एवढं म्हटल्यावर मग पैसे कोणी द्यायचे, किती, कधी, असा प्रश्न त्यांनी टाकला आणि दोन आठवडे दवाखाने बंद राहिले. शेवटी सरकारनं तडजोड केली. डॉक्टरांचा हा हिसका जुना आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतानं १९६२ मध्ये सरकारी आरोग्यविमा आणला तेव्हा तिथले डॉक्टर तेवीस दिवस संपावर होते. आज कॅनडाचा माणूस त्याच विम्याला राष्ट्राची शान म्हणतो, आणि ऑपरेशनच्या तारखेची वाट बघतो.

खासगी डॉक्टरांची बाजू अगदीच पोकळ नाही. पॅकेजचे दर सरकार ठरवतं, बिल महिनोन्‌महिने अडकतं, आणि पगार, वीज, ऑक्सिजन यांना उधारी चालत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणात शेकडो खासगी रुग्णालयांनी थकबाकीपायी आयुष्मानचे उपचार थांबवले. हे मान्य. पण दर परवडत नाही म्हणून खाट ‘रिकामी नाही’ होते, योजनेचा रुग्ण चालेल पण तपासण्या आधी रोखीनं, स्टेंट योजनेतला नको ‘चांगला’ घ्या, वरचा फरक भरा, ही जी बारीक कलाकुसर आहे तिचं पॅकेज कोणी ठरवलंय? वर काही जणांना दर फारच परवडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका रुग्णालयानं मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात मोफत तपासणी शिबिर भरवलं. गावातले एकोणीस जण बसनं शहरात आणले, अँजिओग्राफी केली, त्यांतल्या सात जणांची अँजिओप्लास्टी उरकली. दोघं दगावले. घरच्यांना विचारायची गरज वाटली नाही, कार्ड होतं ना. काकांचं बोट योजनेत बसत नव्हतं, आणि बोरिसण्यात माणसं बसवून घेतली.

पैशावर नजर ठेवायला यंत्रणा आहे. तिची नजर कशी आहे ते ‘कॅग’नं २०२३ मध्ये सांगितलं. आयुष्मानच्या नोंदींत साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थ्यांचा मोबाइल नंबर एकच निघाला, दहा वेळा नऊ. आधी मृत दाखवलेल्या ३,४४६ जणांच्या नावे पुढेही उपचार झाले आणि त्यांचे ६ कोटी ९७ लाख रुपये चुकते झाले. जिवंत माणसाचं नाव आधारवर ‘बाळू’ आणि रेशनकार्डावर ‘बाळासाहेब’ असलं तर अप्रूव्हल अडतं. मेलेल्यांची कागदपत्रं बहुधा चोख असतात.

केंद्रानं २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना उत्पन्न न बघता कार्ड दिलं. उत्तम. ज्या राज्यांत आपल्यासारखी सरसकट योजना नाही तिथल्या एकोणसत्तरच्या माणसानं मात्र वर्षभर दम धरायचा. दमा असेल तरी.

राज्याराज्यांनी आपापला विमा काढला की आजारालाही तपासणी नाका लागतो. गोव्यानं २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली, पाच वर्षं राहणाऱ्या प्रत्येक गोंयकाराला. जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजनं बाहेरच्यांना शुल्क लावलं. बाहेरचे म्हणजे मुख्यतः आमचे सिंधुदुर्गवाले, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘जास्त झालं तर बांबोळी’ एवढंच माहीत. दोडामार्गला आंदोलन झालं. गोव्याला नावं ठेवता येत नाहीत, त्यांनी स्वतःच्या लोकांसाठी रुग्णालय चालवलं. प्रश्न आपल्याला होता, की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला अपघात झाला तर तो सीमा ओलांडून का पळतो. त्याचं उत्तर द्यायचं सोडून आपण गोवेकरांच्या माणुसकीवर बोललो.

या सगळ्याचा मूळ नकाशा आपल्याकडे होता, आणि काढणारा माणूस नाशिकचा. सर जोसेफ भोर, नाशिकचा जन्म, शिक्षण पुण्यात. त्यांच्या समितीनं १९४६ मध्ये अहवाल दिला: खिशात पैसा नाही म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, आणि कालांतरानं दर दहा ते वीस हजार वस्तीमागे पंचाहत्तर खाटांचं प्राथमिक केंद्र असावं. आज तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असा नियम आहे, खाटा चार ते सहा. उरलेल्या सत्तर खाटा कुठे गेल्या हे विचारायला ऐंशी वर्षांत कुणी उपोषणाला बसलं नाही. इंग्रजानं ५ जुलै १९४८ ला स्वतःच्या देशात सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली, आपण अहवाल नीट बांधून ठेवला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू असं लिहिलं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. २०२५ आलं, गेलं. धोरण अजून राष्ट्रीय आहे.

त्या सत्तर खाटांचं काय झालं ते बघायचं असेल तर परळला जा. टाटा आणि केईएमच्या आसपास फुटपाथवर सतरंज्या पडलेल्या असतात. बीड, यवतमाळ, जळगाव, अगदी बिहारपर्यंतचे लोक. ज्यांचा नंबर लागला ते दादरच्या गाडगेमहाराजांच्या धर्मशाळेत, बाकीचे डिव्हायडरजवळ. केमोथेरपी योजनेत आहे. केमोच्या दोन खेपांमध्ये माणूस कुठे झोपतो, काय खातो, सोबत आलेल्या मुलाची मजुरी किती बुडते, याचं पॅकेज नाही. एका बाईनं फुटपाथवर स्टोव्ह पेटवून नवऱ्यासाठी पातळ भात टाकलेला मी पाहिलाय. पालिकेची गाडी आली की स्टोव्ह विझवून पदराखाली.

आता मंत्र्यांचं. मे २०२० मध्ये, ऐन कोविडात, राज्यानं ही योजना तात्पुरती सर्वांना खुली केली आणि असं करणारे देशात आपणच पहिले म्हणून पाठ थोपटून घेतली. मर्यादा तेव्हा कुटुंबामागे दीड लाख. २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारातून कळलं की त्या दोन वर्षांत अठरा मंत्र्यांच्या खासगी उपचारांपोटी तिजोरीतून सुमारे १ कोटी ४० लाख गेले. सरासरी काढली तर मंत्र्यामागे पावणेआठ लाख. नियमानंच गेले, बेकायदा काही नाही, आजारपण कुणाला चुकत नाही आणि कुणी मुद्दाम आजारी पडत नाही. फक्त या अठरांपैकी कुणाला कोणत्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर पिशवी उघडून बसावं लागल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून एक सूचना, खर्च शून्य. मंत्री, आमदार, खासदार, सनदी अधिकारी, आणि त्यांच्याबरोबर आम्ही स्तंभलेखकसुद्धा, सगळ्यांचे वेगळे वैद्यकीय भत्ते आणि परतावे बंद. सगळ्यांना हीच योजना, हीच पाच लाखांची मर्यादा, हेच अंगीकृत रुग्णालय. सर्वांसाठी म्हणजे सर्वांसाठी. सहा महिन्यांत ओपीडीच्या गोळ्या यादीत येतील, थकीत बिलं चुकती होतील, आणि गडचिरोलीत नसलं तरी निदान मंत्रालयाच्या परिसरात बघण्यासारखं सरकारी रुग्णालय उभं राहील. तोवर एखादे आमदारसाहेब गुडघा धरून त्या टेबलाशी येतील. मुलगी यादी खालीवर करेल, नाव आधारशी जुळत नाही म्हणेल, अप्रूव्हल परत आलंय म्हणेल. साहेब आवाज चढवतील. मग ती, अशा वेळी सगळ्यांनाच सांगते तसं, नम्रपणे सांगेल: “सर, कोणी ओळखीचे आमदार असतील तर त्यांचं पत्र आणा ना. लवकर होतं.”